नव्या मत्स्यपेटीचं पाणी

४ ऑक्टोबर १९३४, बेळगाव
मत्स्यपेटी तयार झाली एकदाची. पेटी कसली — समोर एक काच, बाकी तिन्ही बाजू नि तळ सिमेंटचा! हेडमास्तर गवंड्यामागे उभे राहून असे खूश, जणू समुद्रच शाळेत आणवला. २४ तारखेला इन्स्पेक्टरसाहेब येणार, त्यांना जिवंत मासे दाखवायचेत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चिंतामणराव, हे नीट पार पाडा. तुम्हाला कायम करायचं मी मंडळाकडे बोलतो." तीन वर्षं टेंपररी सायन्स शिकवतोय. आता माझी नोकरी माशांच्या शेपटीला बांधली!

५ ऑक्टोबर
शाळेच्या विहिरीचं पाणी तपासलं. लिटमसचा तांबडा कागद तांबडाच, निळा निळाच. आटवून पाहिलं, बुडाशी क्षार नाममात्र. उत्तम! मराठीचे हरिभाऊ शेजारी उभे. "मासे पाण्यात राहतात, एवढं पुरे की हो." या गृहस्थांना पाणी ओलं असतं, यापलीकडे काही ठाऊक नाही.

८ ऑक्टोबर
पेटी भरली. शिपाई भरमू घागरी ओतता ओतता म्हणाला, "मास्तर, नवं सिमिट हाय. शेण कालवून आठ दिस ठेवायचं, मग पाणी सोडून द्यायचं. असं तीनदा. आमच्या उचगावात नव्या टाकीचं पाणी म्हशीला सुदिक लगीच दावत न्हाईत."

शेण! सायन्सच्या खोलीत शेण! मी बी.एस्सी. झालो ते उचगावच्या म्हशींचं मत घ्यायला? "पाणी तपासलंय, बाबा," म्हटलं. "व्हय," म्हणाला आणि पुढची घागर आणायला गेला.

१६ ऑक्टोबर
मासे आले. बारा. भरमूनेच मार्कंडेय नदीत धरले, घागर डोक्यावर घेऊन चालत आणले. वाटेत दोनदा पाणी बदललं म्हणे. सांगताना चेहरा असा, की मुलगीच सासरी पोचवतोय! उद्या सकाळी पेटीत सोडणार.

१७ ऑक्टोबर, खंडेनवमी
सोडले. सुरेख फिरत होते. तासाभराने येऊन पाहतो तर भरमूने शाळेची घंटा पुजली, झाडू पुजला, आणि पेटीही सोडली नाही! आतल्या काठाला हळदीची बोटं, ओघळ थेट पाण्यात. वर पिवळं, पाण्याच्या रेघेशी तांबडं. हळदकुंकू! चार मास्तरांदेखत त्याला झाडला. हात जोडले आणि झाडू उचलून गेला. या लोकांना दुर्बीण दिली तरी आधी हार घालतील.

१९ ऑक्टोबर
बाराही मासे पोट वर करून.

हेडमास्तर किंचाळले — "साहेबांना काय, रिकामी पेटी दाखवू?" मी तिथंच बसून अहवाल लिहून दिला. शिपायाने पूजेचं हळदकुंकू पाण्यात सांडलं, कुंकवातल्या विषारी रंगाने मासे मेले. त्यांनी उभ्या उभ्या भरमूला कामावरून काढला. सोळा वर्षं घंटा देत होता. वाईट वाटलं. पण अडाणीपणा पोसायचा तरी किती?

२० ऑक्टोबर
भरमू किल्ल्या द्यायला आला. रडला नाही, भांडला नाही. म्हणाला, "मास्तर, कुकू नव्हतंच. पुडी घरात ऱ्हायलती. नुसती हळद लावलती मी." आणि गेला.

खोटं बोलायलाही अक्कल लागते! तांबडं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

२१ ऑक्टोबर, रविवार
वरणभात कालवता कालवता हळदीने पिवळ्या झालेल्या बोटांकडे लक्ष गेलं. चुन्यात हळद तांबडी होते. हे मी दरवर्षी इंग्रजी चौथीला करून दाखवतो. मी!

तसाच शाळेत गेलो. पेटीत लिटमस बुडवला. तांबडा कागद क्षणात निळा. नवं सिमेंट इतके दिवस पाण्यात चुना सोडत होतं. आणि मी शहाण्याने पाणी तपासलं ते विहिरीचं! पेटीतलं एकदाही नाही. बारा मासे मी मारले. भरमूची हळद मला तेच सांगत होती, आणि मी तिच्यावर अहवाल लिहिला. कुंकवात रंगवाल्यांनी काय घातलं असेल याचा विचार केला, स्वतःच्या डोक्यात काय भरलंय याचा नाही. लाज वाटते. उद्या हेडमास्तरांना सगळं सांगणार, भरमूला परत आणणार.

२२ ऑक्टोबर
हेडमास्तर भेटले नाहीत. भिंतींना चुना लावून घेताहेत. साहेबांसाठी.

२४ ऑक्टोबर
साहेब आले. रिकाम्या पेटीपुढे उभं राहून माझा अहवाल वाचला, मान डोलावली. "शास्त्रीय दृष्टीचे मास्तर आहेत तुमच्याकडे." हे इन्स्पेक्टर! लिटमसचा एक तुकडा तरी मागायचा! मी समोरच होतो. चौघांदेखत बोलायला जीभ उचलली नाही. हेडमास्तरांना एकटं गाठून सांगेन.

२६ ऑक्टोबर
खोलीत हेडमास्तर एकटेच होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला कायम केल्याचा हुकूम हातात ठेवला. आभार मानून बाहेर आलो.