बोर्ड बसेपर्यंत

९ ऑक्टोबर, गुरुवार

सोनोग्राफीहून माणसं हसत येतात असं मी धरून चाललो होतो. स्नेहल आली आणि सरळ आतल्या खोलीत गेली. नातजावई दिनेश चपला न काढताच सोफ्यावर बसला. शेवटी तृप्तीने – माझी सून, स्नेहलची आई – डॉक्टरांना फोन लावला. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली.

बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नाहीत. भोवती पाणी नाही. पाण्यावाचून फुप्फुसं वाढत नाहीत. जन्मलं तरी काही तासांचंच.

आज आणखी काही लिहवत नाही.

१० ऑक्टोबर

ही तपासणी गेल्या महिन्यातच व्हायची. पाचवा महिना भरत आला होता. पण पितृपक्ष लागला. अक्का – माझी थोरली बहीण – घोटीहून फोनवर म्हणाली, पितरांच्या पंधरवड्यात पोटातलं बघायला कशाला जाता? मग घट बसले. मग वणीला देवीची ओटी. मग दसरा. स्नेहलने मला विचारलं तेव्हा मीही म्हणालो, कोजागिरी होऊ दे, मग जा. मला पौर्णिमा आवडते – एवढंच कारण!

तृप्तीने नेहमीसारखा चहा दिला. सोबत बिस्किटंही. ती खाववेनात.

१३ ऑक्टोबर

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडेही तेच निघालं. वर आणखी एक – चोवीस आठवडे उलटले. चोवीसच्या आत दोन डॉक्टरांच्या सहीने भागलं असतं. आता सरकारी दवाखान्यात डॉक्टरांचं मंडळ बसणार. सगळे त्याला बोर्ड म्हणतात. बोर्डाने हो म्हटलं तर गर्भपात. नाही म्हटलं तर स्नेहलने जानेवारी संपेपर्यंत हे पोट वागवायचं, बाळंत व्हायचं, आणि बाळ जाताना बघायचं.

दिनेशने विचारलं, "पण मॅडम, ते जगणार नाही असं तुम्हीच म्हणताय ना?"

"हो."

"मग?"

"मग बोर्ड."

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात माझी सारी नोकरी गेली. चालता संच बंद करायचा तर वरची परवानगी लागायची. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

१५ ऑक्टोबर

जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर भिका भेटला. एकाच कॉलनीत राहिलो, एकदमच रिटायर झालो. त्याला अर्धवट सांगितलं – ओळखीच्या एका मुलीचं असं असं झालंय. तो म्हणाला, कायदा कडकच पाहिजे, चंदर. ढिला सोडला तर लोक पोरी ठेवतील का? विसरलास आपल्या कॉलनीतलं?

विसरलेलो नाही. सोनोग्राफीचं मशीन आल्यावर आमच्याच लाइनीत पाळणे मुलांचेच हलू लागले होते. त्याच बाकावर बसून मीही कितीदा हेच बोललोय. भिकाचं चुकत नाही. पण भिकाच्या कायद्यात आमची स्नेहल कुठे बसते, ते मला सापडेना. उठलो. गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

बोर्डातले एक डॉक्टर गावाला गेलेत. सगळे असल्याशिवाय बोर्ड बसत नाही. भाऊबीज झाली की बघू, म्हणाले.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आकाशकंदील लावला नाही. शेजारच्यांचा आमच्या गॅलरीत लाल उजेड पाडतो.

अक्का आली. चकल्यांचा डबा घेऊन आली, तो तसाच पिशवीत. ती स्नेहलजवळ बसली, पोटावर हात ठेवला. म्हणाली, "हलतंय की गं. हलत्या जिवाला कसं म्हणायचं जा म्हणून?"

स्नेहल म्हणाली, "मी जेवले की हलतं, अक्काआजी. मी कूस बदलली की हलतं. तुम्ही आज एकदा हात लावला."

अक्काने हात काढून घेतला. मग स्वयंपाकघरात तृप्तीजवळ पुटपुटली – पोरगी दगड आहे. आमच्या वेळी असं होतं का? आमच्या वेळी आधी कळतच नव्हतं, हे तृप्तीने तिला ऐकवलं.

मी गेले काही महिने स्नेहलच्या पोटाशी कविता म्हणायचो. शाळेतल्या, घोटीच्या शाळेतल्या, कोरसमध्ये घोकलेल्या. एक माझी स्वतःचीही –

ओल्या भाताच्या बांधावरती
चिमणी पाऊले उमटू दे

आज सवयीने तोंडातून निघाली. स्नेहल शांतपणे म्हणाली, "आबा, आता नका म्हणू. ते ऐकतं."

२७ ऑक्टोबर

बोर्ड बसलं. आम्ही बाहेर बाकड्यावर.

आधीच्या तीन सोनोग्राफ्या हातात असूनही पुन्हा केली. नियम आहे. स्क्रीन भिंतीकडे वळवला होता, पण आवाज कोण वळवणार! ठोके बाहेरपर्यंत ऐकू आले. घोडा धावत यावा तसे. दिनेश उठून जिन्याकडे गेला.

सिस्टरने स्नेहलला सगळ्यांसमोर विचारलं, "पहिली मुलगी आहे का?"

"पहिलंच आहे," स्नेहल म्हणाली.

सिस्टर खाली बघू लागली. तिला तरी काय दोष देऊ. दाराशीच पाटी आहे – गर्भलिंग तपासणी केली जात नाही. त्या पाटीखाली बसलेल्या प्रत्येक बाईला हाच प्रश्न.

मग एकेक डॉक्टर. प्रत्येकाला तिने पहिल्यापासून सांगितलं. त्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं, तुझी स्वतःची इच्छा आहे ना? घरचे म्हणतात म्हणून नाही ना? प्रश्न चांगला होता. आम्ही कोणीच तिला तो विचारला नव्हता. दार अर्धवट उघडं होतं, मला तिचं उत्तर ऐकू आलं – "माझी आहे. लवकर करा."

कोरडा आवाज. ही माझीच नात का, असं वाटून गेलं. अक्काचा शब्द आठवला, आणि आठवला याची लाज वाटली.

२८ ऑक्टोबर

परवानगी आली. तृप्तीने देवापुढे दिवा लावला, आणि मग गोंधळून तशीच उभी राहिली.

३० ऑक्टोबर

आधी सुईने ठोके थांबवतात. मग कळा सुरू करतात. हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, झोपवतील, उठवतील, संपेल. बाळंतपणच होतं ते, पुरतं. दिवस मावळेपर्यंत.

मुलगी होती.

३१ ऑक्टोबर

दिनेश आणि मी गेलो. त्याने गाडीत तिला मांडीवर घेतलं होतं, सीटबेल्ट तिच्यावरून लावला होता. माती मीही टाकली.

घरी आलो तर स्नेहल डिस्चार्ज घेऊन आली होती आणि टीव्ही बघत होती. अजून एकदाही रडलेली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पान्हा. वर्गात हा शब्द आला की मास्तर डोळे मिटून घ्यायचे. आजवर मला तो कवितेतलाच वाटत आला. आज सकाळी स्नेहलचा गाऊन पुढून ओला झाला.

दूध आटायची गोळी डॉक्टरांनी दिलेली होती. तृप्ती पाण्याचा पेला घेऊन उभी. स्नेहलने गोळी घेतली, बराच वेळ मुठीत धरली, आणि उशीखाली सारली.

"उद्या घेते, आई. आजचा दिवस दूध येऊ दे."