उकळून न सुटलेली साखर

३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझे गुडघे बरे असतील. माझी मात्र पाचावर धारण बसली आहे. झाडाच्या सालीतून काढलेल्या माझ्या पिवळ्या पदार्थाला साखर जोडलेली आहे, यंत्राचा आलेख तसं साफ सांगतो. म्हणून प्रबंधाच्या शीर्षकात मी 'ग्लायकोसाइड' लिहिलं. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, आम्लात उकळून साखर सुटली नाही, म्हणजे ती नाहीच, शब्द खोड. 'उकळून सुटेल तीच साखर' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोडला तर चार वर्षं पाण्यात. वीस तारखेला शीर्षक द्यायचंय. पण मीही रसायनशास्त्राच्या बाईंची, तुझीच भाची आहे.

लोभ आहेच, सोबत थोडं रसायनशास्त्रही पाठव.

तुझी भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

ऑक्सिजनमधून जोडलेली साखर आम्लाने सुटते. थेट कार्बनला चिकटलेली असेल, तर ती आम्लाला दाद देत नाही. दोघींची घरं वेगळी, आडनाव एकच: ग्लायकोसाइड. आम्लात फेरिक क्लोराइड घालून उकळ, ईथरमध्ये काढून घे, अमोनिया घालून हलव. गुलाबी झालं की सुटली समज. साखर ग्लुकोज निघाली, तर मोघम न बोलता ग्लुकोसाइड म्हण.

ते वाक्य तुझ्या सरांचं नाही, माझं आहे. माझ्या पहिल्याच वर्गात ते होते, तेव्हा मी फळ्यावर लिहून दिलं होतं. चूक कळल्यावर पुढच्या वर्गांना नीट शिकवलं, मागच्यांना कळवायचं राहून गेलं. मला लाज वाटते. हे पत्र त्यांच्यापुढे ठेव.

उकळताना चष्मा घाल, एवढं माझ्यासाठी कर.

आत्या

१९ मार्च

ती. आत्यास सा. न.

गुलाबी झालं! साखरही ग्लुकोजच निघाली. सरांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. म्हणाले, बाईंचं वाक्य म्हणून कधी तपासलंच नाही. मग स्वतःच्या हाताने शीर्षकात 'ग्लुकोसाइड' लिहून सही केली.

नंतर त्यांनी कपाटातून एक जुनी बाटली काढून दिली. सहा वर्षांपूर्वी एका मुलीचं काम त्यांनी याच वाक्यावर नाकारलं होतं, ती शिक्षण सोडून गेली. तिच्या बाटलीतला पदार्थही आज गुलाबी झाला. सर तिला लिहिणारच आहेत. तिचा पत्ता सोबत आहे, तू काय ते ठरव.

माया असू दे.

भिंगरी

२३ मार्च

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. तुमच्या सरांना शिकवणारी बाई मी. तुमचं काम ज्या वाक्यावर नाकारलं, ते वाक्य माझं होतं आणि ते चूक होतं. तुमच्या बाटलीत साखर होती. तुमचं बरोबर होतं.