मिठाच्या पाण्यात वर आलेले मणी

आई,

तू गेल्यावर सात वर्षांनी तुझ्याशी भांडायला बसलोय. तू असतीस तर मधेच उठून चुलीत लाकूड सारलं असतंस आणि "बोल, ऐकतेय" म्हणत काही ऐकलं नसतंस. आज ऐक.

काल ताईला व्हिडिओ कॉल लावला. तुझी पिवळ्या मण्यांची माळ तिच्याकडे खालापूरला आहे, दोरा तुटलेली, तांदळाच्या डब्यात पडून. इथे मस्कतला मी जपमाळांच्या दुकानात मणी घासतो. असल्या मण्यांना इथे कहरबा म्हणतात, इंग्रजीत अंबर. झाडाचा चीक जमिनीत गाडला जाऊन युगानुयुगांनी असा होतो. आमचा म्हातारा उस्ताद ओरखडाही न काढता खराखोटा मणी ओळखतो. त्यानं शिकवलं तसं ताईकडून करून घेतलं. एका वाडग्यात साधं पाणी. मणी बुडाले. दुसऱ्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ. मणी वर आले. पण काही प्लास्टिकही तरंगतं, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नसतं. दाजींच्या लोकरीच्या माकडटोपीवर मणी घासायला लावला आणि कॅलेंडरच्या कपट्यांवर धरायला लावला. "चिकटले रं," ताई म्हणाली. मग तळहातावर जोरात चोळून वास घे म्हटलं. ती हुंगत राहिली. "धूप जाळल्यावानी येतोय," म्हणाली.

खरे आहेत, आई. आजी भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये भांडी घासायची. तिथल्या बाईनं बदली होऊन जाताना तिला दिलेले, तेच.

आता तो दिवस आठव. गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. दरवर्षी ही माळ गौरीच्या गळ्यात, म्हणून आदल्या दिवशी तू ती रिठ्याच्या पाण्यात धुवायचीस. त्या वर्षी म्हैस आटली, ताईचं जमलेलं मोडलं, आणि कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलं की माळेला दृष्ट लागलीय. मी उंबऱ्यावर बसलोय, तू दोरा तोडून मणी सुटे करतेयस, वाडग्यात खडेमीठ ओततेयस, मुठीवर मूठ. मणी टाकतेस आणि ते सगळे वर येतात.

"दरसाली बुडायचे," तू म्हणालीस. "आज तरंगत्यात. खरी माळ कुठं हाय?"

दारात काकू होती. तिला तेवढंच हवं होतं. म्हणाली, प्लाष्टिकचं गं ते, बाजारात ढिगानं मिळतं, तुझ्या लेकाला इचार, तो कालपरवा माळेच्या डब्याशी घुटमळत होता.

पाणी बदललंस तू, आणि चोर ठरलो मी. एवढं मीठ कधी घातलं नव्हतं, हे तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? आठवी नापास पोरगा चोर असणं तुला वाडग्यातल्या पाण्यापेक्षा सोपं वाटलं. गौर बोडक्या गळ्यानं बसली. येणाऱ्या प्रत्येक बाईनं माळेचं विचारलं, आणि तू माझ्याकडे बोट न दाखवता नुसतं बघितलंस. बोट दाखवलं असतंस तर बरं झालं असतं. विसर्जनानंतर मी भिसेगावच्या एका टेंपोवाल्याबरोबर निघालो तो आजवर निघालेलाच आहे. कुठेच वर्षभर टिकत नाही. तू होतीस तोवर दर फोनला शेवटी तेच, "खरी माळ कुणाला दिलीस, तेवढं सांग." शेवटच्या फोनलाही तेच. मी कट केला. पंधरा दिवसांनी तू गेलीस. मी आलो नाही. याबद्दलही राग मला तुझाच येतो.

ताईला वाटतं, हे सगळं काकूला जाऊन ऐकवावं. मी नको म्हटलं. हा कागद मी तिलाही दाखवणार नाही. यात एक गोष्ट येते म्हणून.

गौरींच्या चार दिवस आधी मी माळ खिशात घालून कशेळ्याला नेली होती. एका मुलीच्या गळ्यात बघायची होती. एसटी थांब्यामागे तिनं घातली, लाजली, काढून दिली. संध्याकाळी तुझ्या डब्यात परत ठेवली, एकवीसच्या एकवीस मणी. मग त्या वाडग्यासमोर तू विचारलंस, "हात लावलावतास का?" मी म्हटलं, नाय.

तू बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होतीस. तेवढं तुला बरोबर कळलं होतं.