चापामागचा खिळा

सोमवार, ४

लागली एकदाची नोकरी! जुन्या शस्त्रांची साफसफाई नि दुरुस्ती, राहायला नि कामाला माडीवरची एकच खोली, गजांच्या खिडकीत भरपूर ऊन. आई म्हणते, लोकांच्या मुली माणसांशी संसार थाटतात, माझी गंजाशी. पण शस्त्रं काय एकेक! प्रत्येकात बंदूकही आणि पातंही. मुठीत पिस्तूल असलेली तलवार, दांड्यातून गोळी उडवणारी कुऱ्हाड. जेवणाचा एक काटासुद्धा आहे, त्यालाही नळी! पाहुण्यांवर इतका राग?

घरात दोघंच. मालक, म्हणजे सगळ्यांचे थोरले. आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या विधवा, वहिनी. भाऊ गेल्यापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. चहा झालाय हेसुद्धा आज माझ्यामार्फत कळवलं.

बुधवार, ६

वहिनी एक खंजीर घेऊन आल्या. पात्याच्या दोन्ही अंगांना आखूड नळ्या, मुठीत चाप. त्यांच्या नवऱ्याचा. याच खोलीत, याच खंजिरानं ते गेले. थोरले सांगतात, स्टुलावरून पात्यावर पडले. चाप अडकलाय तेवढा मोकळा कर, वहिनी म्हणाल्या. थोरल्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

गुरुवार, ७

मूठ उघडली. गंज नव्हताच. चापामागे खिळा ठोकलेला, मुद्दाम, सफाईनं. आणि चाप वाकलेला. कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओढला होता. म्हणजे ते पडले नाहीत. समोर कुणीतरी होतं, यांची गोळी सुटली नाही, आणि पातं यांच्यावरच उलटवलं गेलं.

वहिनी हे ऐकून रडल्या नाहीत. खिळा मुठीत इतका आवळला की बोटांतून रक्त आलं. मग म्हणाल्या, "आता नीट चालेल ना?"

मी चाप सरळ करून तेल घातलं.

शुक्रवार, ८

खंजिराची मूठ गरम. कुणी नुकताच हातातून खाली ठेवावा तशी. दोन्ही नळ्यांत दारू नि गोळी ठासलेली. घरात चिमूटभर दारू नाही! रिकाम्या केल्या. जेवून आले, तर पुन्हा भरलेल्या.

वहिनींना सांगितलं. त्या हसल्या. नवी नवरी हसते तशा.

शनिवार, दुपार

थोरले वर आले. खंजीर पाहून पांढरेफटक. खिळा कुणी काढला, म्हणून ओरडले. मी त्यांना खिळ्याचं सांगितलं नव्हतं. वहिनी तर बोलतच नाहीत—

आपण काय बोलून गेलो, ते त्यांनाही कळलं.

खंजीर टेबलावर फिरला. हळूहळू. नळ्या त्यांच्याकडे. मी हात लावला नव्हता, आईशप्पथ—

बार. गुडघा फुटला. दाराकडे सरपटले. बाहेरून कडी.

दुसरी नळी वाजली नाही. पातं पुढे झालं. सावकाश. घाई नव्हती त्याला. थोरले धाकट्या भावाची माफी मागत होते, लहान पोरासारखी. पातं थांबलं नाही.

शनिवार, अजून इथेच

कुणाला तरी कळावं म्हणून लिहिते. दार ठोठावून हात सुजले. वहिनी बाहेरच आहेत, श्वास ऐकू येतो. कुणाला सांगणार नाही म्हटलं, पगार नको म्हटलं, आईकडे जाऊ द्या—

त्या बोलल्या. माझ्याशी नाही. दारापलीकडून, मऊ आवाजात:

"अहो, ऐकलंत का? हिनं सगळं पाहिलंय."

मागे फरशीवर लोखंड घासतंय—

दुसरी नळी अजून भर—