पलीकडे ऐकू जात नाही

३ जून
आज रुजू झालो! विद्यापीठाचा मध्यवर्ती संगणक कक्ष. सगळ्या विभागांच्या तक्रारी इथेच येतात. टेबल खिडकीजवळ मिळालं. खुर्चीचं चाक कुरकुरत होतं, दोन थेंब तेल घालून मीच गप्प केलं. इथे बाकी सगळे पदव्यांचे धनी. मी भंगारातली यंत्रं उघडून शिकलो. मेहुणा म्हणायचा, स्क्रूड्रायव्हर फिरवून कुणी साहेब होत नसतो. आता बोल म्हणावं! घरी हिला आणि लेकीला सगळी हकिकत सांगितली. लेक म्हणाली, बाबांना आवाजाचं बटणच नाही. नाहीच मुळी.

५ जून
इथला एक नियम मला पटत नाही. तक्रार करणारा स्वतः ‘चालतंय’ म्हणेपर्यंत तक्रार मिटवायची नाही. कक्षातल्या सर्वांत जुन्या ताई शेजारीच बसतात. त्या हा नियम देवाज्ञेसारखा पाळतात. मी म्हटलं, ताई, दोष यंत्रात नसतो, खुर्चीवरच्या माणसात असतो. बाकीचे हसले. ताई नाही हसल्या.

९ जून
माझ्या वाट्याच्या सगळ्या तक्रारी निकालात, एक सोडून. ती फार जुनी. बंद पडलेल्या एका विभागाच्या व्याख्यानाच्या खोलीतून एका प्राध्यापिकेने केलेली: माईक चालू आहे, तरी माझं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही. ताई म्हणाल्या, हिला हात लावू नका हो. बाई कुठे गेल्या कुणालाच माहीत नाही. निदान ही उघडी आहे तोवर त्यांचं कुणीतरी ऐकतंय.
शिकलेल्या माणसांचं हे असं! मी खुर्चीतून न उठता, संगणकावरूनच त्या खोलीतला माईक तपासला. दिवा हिरवा. ‘तक्रारदाराशी बोललो, चालतंय’ असं लिहून मिटवून टाकली. पाटी कोरी.

१० जून
रसायन विभागाचा फोन. मी मुद्देसूद सांगतोय आणि पलीकडचे हॅलो, हॅलो करतायत. वायर बदलली, फोन बदलला. तेच. तोच फोन ताईंनी घेतला, तर ठणठणीत.

११ जून
साहेबांसमोर उभं राहून बोललो. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. घसा बसलाय, घरी जा म्हणाले. घसा बसलेला नाही. मला माझा आवाज खणखणीत ऐकू येतो. रात्री हिने विचारलं, आज तोंडाला कुलूप का? मी तर आल्यापासून बोलतोच होतो.

१२ जून
चिठ्ठी लिहून हिच्या हातात दिली. तिने कागद उलटसुलट केला. म्हणाली, कोरा कागद कशाला देताय?

१३ जून
त्या खोलीत गेलो. बाकांवर धूळ. आत कुणी नाही, पण शिकवण्याचा आवाज चालू— बायकी, दमलेला, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मी दारातून म्हटलं, बाई, चुकलं माझं.
आवाज थांबला. माझं ऐकू गेलं. फक्त तिथेच.
म्हणाल्या, माझ्याशी बोललात असं लिहिलंत ना? मग या. बोला.
पळत सुटलो.

१४ जून
मिटवलेली तक्रार परत उघडता येत नाही. म्हणून स्वतःची नवी नोंदवली— माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. नोंदली गेली! ताईंनी वाचली. माझ्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मी तिच्यातच बसलो होतो. डोळे पुसून म्हणाल्या, ही मी कुणाला मिटवू देणार नाही.

१७ जून
ही लेकीला सांगत होती, बाबांचा पत्ता नाही. मी समोर. लेकीचा हात धरला— तिने शहारून खिडकी लावून घेतली.
ती एक तक्रार उघडी आहे. तेवढाच मी—

२० जून
माझ्या जागी नवा माणूस. टापटीप. आल्या आल्या टेबल पुसलं. ताईंना म्हणाला, दोष यंत्रात नसतो—
त्याला अडवायला ताई साहेबांकडे धावल्या आहेत.
माझी तक्रार उघडली त्याने. अरे बाबा, ऊठ, एकदा विचार तरी— मी इथेच आहे, तुझ्या कानाशी—
हसतोय. खुर्चीतूनच तपासलं. दिवा हिरवा.
मागून त्या बाई हाक मारतायत. या, म्हणतायत. बोला.
तो लिहितोय— तक्रारदाराशी बोल