गोल बुडाची मडकी आणि खुणांची वही

मी, मुआज ताजुद्दीन मुकादम, वय तेवीस, मूळ राहणार तालुका दापोली, सध्या मुक्काम जेद्दा, पूर्ण शुद्धीत, कोणीही भरीस न घालता हे लिहून ठेवत आहे. रविवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉ. सुनीती म्हणाल्या, "काही होत नाही रे तुला, मृत्युपत्र कसलं लिहितोस?" तरी लिहितो. कॉलेज अर्धवट सोडले, हे तरी पुरे करावे.

१. वारसांचा हिस्सा शरियतप्रमाणे अब्बा-अम्मींचाच. मला मर्जीने देता येते ते मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरते. त्यात बसते एवढेच: कॅमेरा, मडके, वही.

२. कॅमेरा बहीण उझमाला. अब्बांनी तो विकू नये. "चिखलात हात घालायला समुद्र ओलांडलास?" हे त्यांचे वाक्य मी माफ केले आहे, विसरलेलो नाही.

३. मडके तस्नीमला. त्याची हकिगत अशी. नौशादभाईंच्या हस्तकलेच्या दुकानासाठी मी जिझानच्या डोंगरातल्या कुंभारणींकडे जातो. शहरात काय खपेल ते सांगतो, माल आणतो. त्यांची पाण्याची मडकी बुडाला गोल, वाळूत बसणारी. दुकानाच्या फळीवर गडगडत. दीड वर्षाच्या कॉलेजच्या जोरावर मी बूड सपाट करायला लावले. भाजताना बत्तीसपैकी तीस तडकली. वर मीच ओरडलो, "तुम्हाला शिकायचंच नाही!" त्यांच्यातली सगळ्यांत वडील, उम्म सालेह, खजुराच्या पानांची चुंबळ वळत होती. तिच्यावर गोल मडके ठेवून म्हणाली, "हे बसलं. आता तूही बस." आमची अम्मी हंड्याखाली हीच ठेवते, आणि मला आठवली नव्हती. तेव्हापासून चुंबळीसकट मडकी विकतो. तडकलेल्यांतले एक मी ठेवले, ते हे.

४. तस्नीम दुकानाची ऑनलाइन विक्री बघते. पुढच्या महिन्यात तिचे लग्न होऊन ती दम्मामला जाईल. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला मी फोनवर जे बोललो ते मागे घेतो. तिला जे बोललो ते मागे घेत नाही.

५. वहीही तिलाच. कुंभारणी नाव लिहीत नाहीत, मडक्याच्या गळ्यावर नखाने आपली खूण करतात. वहीत चौदा जणींच्या खुणा आणि समोर नावे आहेत. दुसरीकडे कुठेच नाहीत. नौशादभाई बुडाखाली दुकानाचा शिक्का मारतात. "ओरखड्याला नाव म्हणतात काय रे? आणि नाव दिलं तर गिऱ्हाईक थेट डोंगर चढेल." तो शिक्का मी गच्चीवरून फेकला. त्यांनी नवा बनवला. मी नसलो तरी प्रत्येक मडक्यासोबत करणारीचे नाव जावे. हे काम दम्मामहूनही होते.

६. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात, म्हणून मला बघायला आलेल्या उम्म सालेहला काही दिलेले नाही. नौशादभाईंनाही नाही.

मुआज ताजुद्दीन मुकादम
जेद्दा, ६ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार:

१. (अंगठ्याला शाई नको म्हणाल्या. नखाने कागदावर चंद्रकोर उठवली आहे.)

२. वरील खूण हे उम्म सालेह यांचेच नाव. माझ्यासमोर केले.
नौशाद हुसेनमियाँ परकार