पांढऱ्या साडीचं सेटिंग

४ जानेवारी, रविवार. पांडेसरा, सुरत
पाच महिने लिहिलं नाही, माफी. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही. जे होतं ते कागदावर बघायचं नव्हतं.

आज दादाकडे गेले. श्वेताचं लग्न १८ला, सकाळी, बुद्धविहाराशेजारच्या हॉलमध्ये. फोटो अर्चना काढणार. आपल्याच गल्लीतली अर्चना. तिला ॲपर्चर म्हणजे काय ते मी शिकवलं, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या कॅमेऱ्यावर. श्वेता गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, तू कॅमेऱ्यामागे राहिलीस तर फोटोत कोण येणार?" इतकं गोड, की रागावताही येईना. वहिनी आतून: "मीना, तुह्या फोटोत सारे पासपोर्ट काढाले बसल्यावानी दिसतेत!" सगळे हसले. मीही.

७ जाने.
अ.ने काढलेले साखरपुड्याचे फोटो पाहिले. तीनदा. दोष शोधत होते, हे लिहून ठेवते. सापडले: चौकट वाकडी, दोन हललेले. पण एकात दादा दाराशी उभा राहून श्वेताकडे पाहतोय. माझ्या भावाचा तसा चेहरा मी चव्वेचाळीस वर्षांत पाहिला नाही. अ.ला सेटिंगचं काही कळत नाही. तरी तिला तो दिसला. मी त्या वेळी उजेड मोजत बसले असते.

११ जाने., रवि.
अ. कॅमेरा घेऊन आली. "ताई, श्वेता पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्यात, स्टेजपण पांढरं. ऑटोवरच ठेवू ने? चालशे?"

मिलच्या लॅबमध्ये रोज कापडाच्या शेड जुळवते मी. शिवाय आपल्या समाजातल्या कितीतरी लग्नांचे फोटो काढलेत. एवढं पांढरं समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच काळोखं करतो. साडी राखाडी, चेहरे विझलेले. एक्स्पोजर प्लस एकवर न्यायचं, बस. एका बटणाचं काम.

म्हटलं, "चालेल."

चहा पिऊन गेली. जाताना माझ्या पाया पडली.

१३ जाने.
हे उद्याच्या पतंगांना कन्नी बांधत बसलेले. विचारलं, "एखादी गोष्ट सांगितली नाही, तर ते खोटं बोलणं होतं का?"
"समोरच्यानं विचारली होती का?"
"हो."
"मग?" मान वर न करता.
विषय बदलला.

१७ जाने.
अ.ला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला नाही. फोन दिवसभर होता हातात. मुद्दाम लिहिते.

१८ जाने., रवि.
लग्न झालं. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, नुसते ओठ हलवले. अ. समोर गुडघ्यावर बसून फोटो घेत होती. हारही घालून झाले. मग ती घाईनं माझ्याकडे आली, स्क्रीन दाखवत: "ताई, सगळं झाकोळल्यासारखं का येतंय?"

कॅमेरा घेतला, प्लस एक केलं. पुढच्या फोटोत साडी पांढरी.

"बरं झालं तुम्ही होतात!"

श्वेता स्टेजवरून: "तिला विचारत जा गं, आत्याला सगळं येतं!"

मी मान डोलावली. बरं वाटलं, तेही लिहायला हवं. जेवण मात्र ताटातच राहिलं.

२० जाने.
अ.चा मेसेज. हार घालेपर्यंतचे फोटो उजळून पाहिले तर चेहऱ्यांवर वाळूसारखे दाणे येतात. "माझीच चूक ताई. उद्या संध्याकाळी श्वेताकडे जाऊन सांगते. पुढची दोन लग्नं पण सोडून देईन म्हणते, मला नाय जमत."

सोबत एक फोटो. पंचशील चाललंय, सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे, थेट तिच्यावर. काळोखा आहे फोटो, पण माझ्या नजरेत काय आहे ते स्वच्छ दिसतं. फोटोखाली तिनं लिहिलंय, "हा उजळू का, ताई?"



उद्या: अ. श्वेताकडे जायच्या आधी अ.च्या घरी जाऊन प्लस एकचं सांगणे.